रेहेमाचे मिस्टर नरेंद्र

हे लिहायचं मी थँक्सगिव्हिंगपासून टाळत आलोय. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तेव्हा तळघरात पुरुषोत्तमकाकांच्या जुन्या कॅसेटींचं खोकं निघालं, ते ऐकत बसलो. मग बर्फ पडलं. मला फावडं धरायला मनाई आहे, म्हणून काका बर्फ ओढतात ते खिडकीतून बघत बसलो, आणि त्यांना हात देता येत नाही याची लाज वाटून पुन्हा कॅसेटींकडे वळलो. आता सोमवारी ऑपरेशन आहे आणि आज शनिवार. तेव्हा लिहितो.

मी, घैसास सिद्धेश नरेंद्र, वय सव्वीस, धंदा लोकांचं सामान एका घरातून दुसऱ्या घरात नेण्याचा, सध्या मुक्काम श्री. पुरुषोत्तम व सौ. लतिका दांडेकर यांच्या घराचं तळघर, श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या एका झडपेत. लहानपणी कऱ्हाडला सांधे धरून ताप आला होता, तो गेला असं सगळ्यांना वाटलं, पण जाताना आत काहीतरी ठेवून गेला. कोणी मला धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मागे ठेवण्यासारखं काही आहे असं आजवर वाटलंच नव्हतं.

मराठीत लिहितोय कारण काका म्हणाले, सुचेल त्या भाषेत लिही, ओळखीचा वकील उद्या इंग्रजीत करून देईल. काका वकील नाहीत, रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर आहेत. पण त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र बरेचदा बदललंय, त्यामुळे अनुभव दांडगा. त्यांनी मला दोन नियम घालून दिले. साक्षीदार दोन हवेत, आणि ज्याला या कागदातून काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नाही.

कलम १. घर. नाही. माझ्या लायसन्सवर जो पत्ता आहे तो बेलव्ह्यूचा, वडिलांच्या घराचा. तिथे मी आई गेल्यापासून राहिलेलो नाही. त्या घरावर माझा काही हक्क असेल तर तो मी सोडतो. फक्त मागच्या दारापाशी आईने लावलेला कढीलिंब कुंडीत असेल, जगला असेल तर, तो थंडीत आत घ्यावा.

कलम २. गाडी व हत्यारं. जुनी कोरोला, सामान ओढायची चाकाची ढकलगाडी, पट्टे, आणि पियानो उचलायचे ते जाड हातमोजे, हे सगळं एडिसनच्या वेदला. वेद आणि मी एका ट्रकवर तीन हिवाळे काढले. त्याला गाडी देताना सांगायचं की हीटर चालू केला की काच खाली जाते, आणि ते दुरुस्त होत नाही, मी प्रयत्न केलाय. आमचा जो मालक आमचे पैसे बुडवून फ्लोरिडाला गेला, त्याला मी माफ करत नाही. वेदने करावं की नाही ते त्याने ठरवावं. मी आजारी आहे म्हणून सगळ्यांना माफ करत सुटणार, असं कोणी समजू नये.

कलम ३. आईचा कुकर. हा मी लतिकामावशींना लिहिला होता. त्या आईच्या मैत्रीण, आईचा हात या कुकरवर त्यांनीच सगळ्यात जास्त पाहिलाय. पण नियम कळल्यावर त्या म्हणाल्या, "कुकर दुसऱ्या कोणाला दे. मी सही करणार आहे." मी म्हटलं, सही कोणीही करेल मावशी. त्यांनी वर जाऊन चहा टाकला. तेव्हा कुकर सौ. नीलांबरीकाकूंना. का, ते पुढच्या कलमात येतंय.

कलम ४. रेहेमा. खरं म्हणजे एवढ्यासाठीच कागद घेतला, बाकी सगळं बाजूचं आहे.

दोन हजार तीनच्या संक्रांतीला लतिकामावशींकडे हळदीकुंकू होतं. एरवी वाण म्हणून वाट्या, डबे, चाळण्या. त्या वर्षी मावशींनी ठरवलं की वस्तू लुटायची नाही. इथल्या एका संस्थेकडून त्यांनी टांझानियातल्या शाळकरी मुलांची कार्डं आणली होती. प्रत्येक कार्डावर एक फोटो, सोबत फॉर्म. जिच्या हातात जे मूल येईल, तिने त्याचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेचा खर्च उचलायचा. मी खुर्च्या उचलायला गेलो होतो, म्हणून जिन्यावर बसून सगळं ऐकत होतो. नीलांबरीकाकू म्हणाल्या की लतिका, डबे दिले असतेस तर निदान वापरले असते, आणि आफ्रिका कशाला, आपल्याकडे काय गरीब मुलं नाहीत? मावशी त्यांना कुंकू लावता लावता म्हणाल्या, "आहेत ना. तू कुठलं शिकवतेयस ते सांग, त्याचंही कार्ड करू."

सगळ्या गेल्यावर मी खुर्च्या मिटत होतो, तर तिळगुळाच्या ताटाखाली एक कार्ड निघालं. नीलांबरीकाकू विसरल्या की ठेवून गेल्या, देव जाणे. कार्डाला तीळ चिकटलेले. फोटोत दहा-अकरा वर्षांची मुलगी, अंगात दुसऱ्या कोणाचा तरी मोठा निळा स्वेटर, हसू अजिबात नाही. फोटो काढणाऱ्याने काहीतरी विचारलंय आणि ही म्हणतेय, आधी तू सांग, असा चेहरा. मी कार्ड खिशात घातलं.

मावशी म्हणाल्या, "पुरुषांना वाण देत नाहीत रे." मी कार्ड परत काढलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "राहू दे. वसुधाच्या वाटणीचं म्हणून ने."

वसुधा म्हणजे माझी आई. तिला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

फॉर्म मी तिथेच भरला आणि तिथेच घोळ केला. कऱ्हाडच्या शाळेत नववीपर्यंत जसं लिहायला लावलं तसं लिहिलं: आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. संस्थेने शेवटचं ते आडनाव धरलं. पत्ता बेलव्ह्यूचा दिला, कारण माझा पत्ता दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. म्हणजे रेहेमाची पत्रं "मिस्टर नरेंद्र" या नावाने थेट माझ्या वडिलांच्या घरी जाऊ लागली, आणि माझे वडील आहेतच नरेंद्र.

इथे सांगायला हवं की आम्ही बोलत नव्हतो. आईच्या तेराव्याला, ताटं उचलली गेल्यावर, बाबांनी विचारलं की पुढच्या सेमिस्टरची फी भरायची तारीख कधी आहे. मी सांगितलं की कॉलेज मी केव्हाच सोडलंय, आईला माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही दोघं मिळून मला फसवत होतात." मी त्याच दिवशी निघालो. यावरून आठवलं, माझं तेरावं कोणी करू नये. आमच्या घराला ते मानवत नाही.

पण पत्रं यायची. बाबा ती मोठ्या पिवळ्या पाकिटात घालून मी जिथे असेन तिथे पाठवायचे. मी नवा पत्ता त्यांच्या आन्सरिंग मशीनवर ठेवायचो, ते ऑफिसात असतील ती वेळ बघून. पाकिटावर त्यांचं अक्षर, आत रेहेमाचं पत्र, दुसरी चिठ्ठी कधी नाही. पत्र फोडलेलं असायचं आणि पट्टी लावून नीट बंद केलेलं. फोडणारच, नाव त्यांचंच होतं.

मी उत्तरं लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर टाइप करून पाठवायचो. तिला दर वेळी एकच उत्सुकता, तुमच्या खिडकीतून काय दिसतं? मी जिथे असेन तिथलं लिहायचो. कधी समुद्र, कधी वाळवंट, कधी बंद पडलेली गिरणी. त्यावरून तिने आईला सांगितलं की मिस्टर नरेंद्रांना पुष्कळ घरं आहेत. तिची आई तलावाकाठी सुकी मासळी विकते. वडील त्याच तलावात होडी उलटून गेले, रेहेमा फार लहान असताना. ते तिने एकाच पत्रात लिहिलं, एका ओळीत, आणि पुढच्या ओळीत शेळीला करडू झाल्याचं.

एका पत्रात ती रडकुंडीला आली होती. दोन समीकरणांचं गणित सुटेना, मास्तर ओरडले, शाळा सोडून आईबरोबर मासळीला बसते म्हणाली. मला ते गणित येणं शक्यच नव्हतं. मी तेव्हा बफेलोत होतो. कागद उलटला, तर मागे पेन्सिलने गणित सोडवलेलं. एकेक पायरी, खाली दोन रेघा, जशा बाबा माझ्या वहीत मारायचे तशा. शेजारी, मुलांना समजेल असं, हे असं का केलं ते. मी ते जसंच्या तसं टाइप करून पाठवलं. रेहेमाचं उत्तर आलं की मिस्टर नरेंद्र, तुम्ही फार शांतपणे शिकवता, मी शाळेत जाते आहे. त्यानंतर ती दर पत्रात एक गणित घालू लागली, आणि दर पत्रामागे पेन्सिल असायची.

तर हुकूम असा. बँकेत जे असेल ते रेहेमाच्या शाळेला. ती आता माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अजून दोन परीक्षा मोठ्या आहेत. पैसे पुरले नाहीत तर कोरोला विकावी, वेद समजून घेईल. नीलांबरीकाकूंना कुकर यासाठी की त्यांना वाणात भांडं हवं होतं, आणि त्या कार्ड ठेवून गेल्या नसत्या तर मला ही मुलगी मिळाली नसती. टोमणा नाही. शिट्टी नवी आहे.

कलम ५. वडील, श्री. नरेंद्र घैसास. हे कलम पहिल्या खेपेला दोन शब्दांचं होतं: काही नाही. तो कागद काकांनी वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "हे तुझ्या हातचं अक्षर आहे हे मला मान्य आहे. आता पुन्हा लिही." म्हणून पुन्हा लिहितो.

बाबा, मी रेहेमा तुम्हाला देतो.

पैसे नव्हे, पत्रं. पैसे कोणीही भरेल. पण ती ज्याला लिहिते तो माणूस गप्प झाला तर ती शाळा सोडेल, मला तिचा तो चेहरा माहीत आहे. तिचं एक माणूस तलावात गेलं. दुसरं हॉस्पिटलात गेलं, हे तिला कळायला नको. आणि कळायचं कारणही नाही. सिद्धेश नावाचं कोणी तिला माहीतच नाही. ती मिस्टर नरेंद्रांना लिहिते, आणि ते तर आहेत.

पत्र टाइप करून पाठवा, अक्षरात फरक पडणार नाही. खिडकीतून काय दिसतं ते आधी लिहा, मग गणित. कपडे पाठवू नका, तिला आवडत नाही. तिने एकदा विचारलं होतं, तुम्ही किती शिकलात. त्याचं उत्तर मी दिलं नाही. ते तुम्ही द्या, तुमचं उत्तर चांगलं आहे. "तुम्ही फार शांतपणे शिकवता" हे वाक्य तुमचं होतं, मी एवढी वर्षं माझ्याकडे ठेवलं, ते परत करतो. आणि हे आईच्या वाटणीचं वाण आहे, दुसऱ्या कोणाला देता येत नाही. तिने तुम्हाला फसवलं नाही, बाबा. ती फक्त तुम्हाला सांगायला योग्य दिवस शोधत होती. तो मिळाला नाही. मलाही नाही.

ऑपरेशनचं बाबांना कळवू नये असं मी सांगितलं आहे. कागद नंतर पोचवावा.

वरचं सगळं मी एकट्याने, एका बैठकीत नव्हे पण एका दिवसात लिहिलं. खाडाखोड माझीच आहे.

सही: सिद्धेश
ठिकाण: श्रूजबरी. दिनांक: ९ फेब्रुवारी २००८
साक्षीदार १: सौ. लतिका पुरुषोत्तम दांडेकर (सही)
साक्षीदार २:

दुसऱ्या सहीसाठी काकांचे एक मित्र निघालेत, बर्फामुळे उशीर होतोय, म्हणून जागा मोकळी सोडली. काकांनी सही केली असती, पण त्यांनी मला देऊन टाकलेल्या कॅसेटी मी परत त्यांच्याच नावावर करीन अशी त्यांना आशा आहे.

आत्ता बेल वाजली. काका वरून ओरडले की साक्षीदार आला.

काकांचे मित्र नाहीत. बाबा आहेत. मागचं पाकीट त्यांनी मी आधी राहायचो त्या एडिसनच्या पत्त्यावर पाठवलं होतं, ते "या पत्त्यावर नाही" अशी पिवळी चिकटपट्टी लागून परत गेलं, आणि या खेपेला मी मशीनवर नवा पत्ता ठेवला नव्हता. त्यांनी मावशींना फोन केला आणि मावशींना खोटं बोलता आलं नाही. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे आहेत, बुटांवर बर्फ तसंच, हातात पाकीट. काका त्यांना समजावतायत की बसा, पण तुमची सही चालणार नाही, तुमचं नाव आत आहे.

बाबा विचारतायत, "आत म्हणजे कुठे?"

ते खाली येतायत. कागद त्यांच्या हातात देतो.