रामदासपेठेतलं अज्ञात निळं फूल

१९ ऑगस्ट १९७१, गुरुवार
दाढीचा आरसा न्हाणीतून परसातल्या भिंतीवर हलवण्यात आला. मला न विचारता. न्हाणीत म्हणे ओल धरते. एका हेडक्लार्कनं शेजाऱ्यांच्या देखत गाल फुगवून उभं राहायचं! असो. दाढी करताना आरशात मागचं निळं फूल दिसलं. दोन पाकळ्या ऐसपैस, तिसरी नावापुरती. असं फूल मी कधी पाहिलेलं नाही. म्हणजे कोणीच पाहिलेलं नसणार.

२० ऑगस्ट
लायब्ररीतून फुलांचं जाडजूड विलायती पुस्तक आणलं. त्यात नाही. शंका मिटली : शोध माझा. रुख्मिणी म्हणाली, "केना होय ना तो! आमच्या पारशिवनीले वावराच्या धुऱ्यावर मायंदाळ राह्यते." बायकोला नवऱ्याचं काहीच नवीन वाटत नाही. नाव ठरलं, अर्थात माझ्यावरून : विश्वनाथी. ऑफिसात जाहीर केलं. मधुकररावांचे साडू बॉटनीचे प्रोफेसर. पुढच्या रविवारी पाहायला येणार.

२१ ऑगस्ट, दुपारी
हाफ डे. घरी येतो तर फुलं गायब! संशय शेजारच्या प्रयागबाईंवर. वयाचा मान राखून फक्त मोठ्यानं खाकरलो.

२२ ऑगस्ट
सकाळी फुलं परत. चोराला पश्चात्ताप झालेला दिसतो.
दुपारी पुन्हा गायब. पश्चात्ताप टिकाऊ नव्हता.

२४ ऑगस्ट
काट्यांचं कुंपण घातलं. संध्याकाळी प्रयागबाई परडी घेऊन हजर. "भाऊ, उद्या ऋषिपंचमी. बैलाच्या मेहनतीचं खात नाई आमी. हा केना आपल्या आपण उगवते, भाजीपुरता तोडू द्या." विषारी आहे, म्हणालो. "काहून गा? मागल्या साली तं तुमच्याच घरी—" सायन्स मागल्या सालावर चालत नाही. एक पान खाल्लं तर माणूस आडवा होतो, असं पुस्तकावर हात ठेवून सांगितलं. "तुमी शिकलेले. राहू द्या बापा," म्हणून गेल्या. पटवून सांगण्याची हातोटी लागते.

२५ ऑगस्ट
रुख्मिणीनं ताट आपटून वाढलं. "म्हातारीचे पाय चालत नाईत, बाजारात कशी जाणार? वर्साचं व्रत, अन् नुसती भगर-मीठ खाल्ली तिनं." शोधापायी कुणाला तरी त्याग करावाच लागतो. मी दोनदा भात घेतला.

२९ ऑगस्ट, रविवार
प्रोफेसर आले. ऑफिसचे चौघे साक्षीला. चिवडा, चहा. प्रोफेसरांनी चष्मासुद्धा लावला नाही. "केना," म्हणाले. "दुपारपर्यंत फूल मिटून जातं. पंचमीला भाजी केली असेल ना?" मधुकररावांना हसता हसता चिवड्याचा ठसका लागला. मी पाणी दिलं नाही.

३० ऑगस्ट
कुंपण काढलं. परडीभर केना तोडून प्रयागबाईंकडे गेलो. त्या दारातूनच मागं सरल्या. "जहर हाय म्हणून तुमीच सांगतलं ना! साऱ्या लाइनीले सांगून बसली मी. अन् पंचमी तं गेली आता." विषारी नाही, म्हणालो. "मंग तुमी खा आधी."
म्हणणं वाजवी होतं. त्यांच्या चुलीपुढं बसलो. त्यांनी भाजी फोडणीला टाकली. दोन पोळ्यांशी खाल्ली. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी आडवा झालो नाही, तेव्हा त्यांनी आपलं ताट घेतलं.
मीठ कमी होतं. बोललो नाही.