सकाळच्या फेरीतला शेवटचा

सोमवार, ४ तारीख
आज नर्स म्हणून रुजू झाले. वॉर्ड बघून जीव सुखावला. मोठ्या खिडक्या, घासून पांढऱ्या केलेल्या फरशा, प्रत्येक खाटेभोवती हिरवा पडदा. आईला घेऊनच आले आहे. दवाखान्याच्या आवारातच दोन खोल्या मिळाल्या, आणि सामान उतरायच्या आत तिने शेजारणींची सगळी माहिती काढली. माझ्या लग्नाचा विषयही उरकून घेतला.

वॉर्डच्या प्रमुखांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणतात. बाई करारी. पण माझ्या हाताला सफाई आहे असं म्हणाल्या, म्हणून मी त्यांना बाकी सगळं माफ केलं. वॉर्डबॉयला पैलवान म्हणतात. फुंकर मारली तर उडेल असा आहे.

मंगळवार, ५
पहिली सकाळची फेरी. आम्हाला शिकवलंय ते साधं आहे: आधी श्वास, मग रक्त, मग शुद्ध, मग बाकीचं. कण्हणाऱ्यापेक्षा गप्प पडलेल्याकडे आधी धावायचं, कारण कण्हायला निदान दम लागतो. इथे सगळं उफराटं. मोठ्या सिस्टरांनी बोटाला टाके पडलेल्यापासून सुरुवात केली आणि यकृत निकामी झालेल्या म्हाताऱ्या मास्तरांची नाडी सगळ्यांत शेवटी धरली. मी विचारलं, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या की इथला क्रम त्या ठरवतात. रागाने माझे कान तापले.

मी औषधं भरत होते तेवढ्यात मास्तर गेले. मला पडद्याआत जाऊ दिलं नाही. पैलवान बादल्यांवर बादल्या ओतत होता आणि पाणी लाल येत होतं. यकृताच्या रोग्याला रक्ताची उलटी होते, हे मी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं.

शुक्रवार, ८
मोठ्या सिस्टर तापाने घरी, म्हणून फेरी माझ्याकडे आली. मी पुस्तकाबरहुकूम केली. दम लागलेली स्वयंपाकीण आधी, मग जखम चिघळून अंगात ताप भरलेला गवंडी, आणि सगळ्यांत शेवटी बसचा ड्रायव्हर. त्याच्या पायाला फक्त टाके होते. दुपारी घरी जाणार होता. मी तिकीट तपासणाऱ्यासारखी दिसते असं सकाळपासून चिडवत होता. त्याची नाडी धरली. ठणठणीत होती. बायकोला फोन करा म्हटलं आणि हात धुवायला वळले.

मागे काहीतरी जाड फाटल्याचा आवाज झाला. वळले तर पडदा ओढलेला. मी ओढला नव्हता.

आत त्याचा उजवा हात खांद्यातून उखडून उशीवर पडला होता. जबडा एका बाजूने सुटला होता. छाती मधोमध उघडी, आणि आत काळीज अजून हलत होतं. तो माझ्याकडे बघत होता. दाबून धरायचं असतं, रक्त थांबेपर्यंत दाबून धरायचं असतं, हे हातांना माहीत होतं. पण दाबायला जागाच उरली नव्हती.

शनिवार, ९
पोलीस आले, विचारून गेले. एवढ्याशा वेळात हे माणसाच्या हातून होणं शक्य नाही, एवढंच त्यांना कळलं.

मोठ्या सिस्टर रागावल्या नाहीत. जवळ बसून सांगितलं. फेरीत ज्याची नाडी शेवटी धरली जाते, तो जातो. धरायचीच नाही असं करून पाहिलं, तर एका सकाळी अर्धा वॉर्ड फाडला गेला, कारण न धरलेले सगळेच शेवटचे ठरले. वॉर्ड बंद केला तर पलीकडच्या वॉर्डात सुरू झालं. म्हणून त्या रोज असा एक निवडतात, जो एरवीही चार दिवसांचाच सोबती आहे. ड्रायव्हरला मी निवडलं होतं. बरोबर क्रम लावून, अगदी शिकवल्यासारखा क्रम लावून.

रडले. त्यांनी रडू दिलं.

बुधवार, १३
आई न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला. दुसरीकडे खाट नाही, आमच्याच वॉर्डात ठेवलं. पायाला वजन बांधलंय, हलवता येत नाही. ती पैलवानाच्या तब्येतीवर बोलून सगळ्यांना हसवते आहे. मला काही हसू येईना.

गेल्या चार दिवसांत चौघे गेले. मरणाच्या दारातलं आता कुणीच उरलेलं नाही. जे आहेत ते सगळे बरे होणारे आहेत.

गुरुवार, १४
आज मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांच्या नाड्या धरल्या. माझी सुद्धा. मग रिकाम्या खाटेवर आडव्या झाल्या आणि मनगट पुढे केलं. आता माझी धर म्हणाल्या. मी मागे सरकले तर माझा हात घट्ट पकडून स्वतःच्या मनगटावर ठेवला. चांगली चालली होती. आता पाठ फिरव म्हणाल्या.

हाडं. एकेक करून. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचं डोकं माझ्या चपलेपाशी येऊन थांबलं.

काय मोडलं गं, असं आईने पडद्यापलीकडून विचारलं. स्टूल पडलं म्हटलं.

शुक्रवार, १५
फेरी माझी. नवे दोघे आलेत, दोघेही वाचतील. स्वयंपाकिणीचा दम वाढलाय. एका बाळंतिणीचं रक्त थांबत नाही. गवंडी तापाने बरळतोय. पुस्तकाप्रमाणे सगळ्यांत स्थिर कोण — आई. पुस्तकाप्रमाणे शेवटी कोण —

नाही. मी ठरवलंय. आईपासून सुरुवात, मग सगळे, मग रिकामी खाट आणि माझंच मनगट.

नंतर —
झाली फेरी. खाटेवर बसले आहे. माझी नाडी मीच धरली, धावते आहे. पैलवानाला बाहेर पाठवलं. वाट बघताना लिहीत राहते आहे. यायचं तर आता ये.

काही नाही.

इतका वेळ लागत नाही कधी —

आईच्या खाटेचा पडदा सरकला. कुणी ओढला नाही.

पण तिच्यापासून तर सुरुवात — फेरीत आधी तिच्याकडेच गेले, मनगटाकडे हात नेला — तिने हात मागे घेतला. शेजारची धापा टाकते आहे, तिला बघ आधी म्हणाली. मी वळले. परत गेलेच नाही. ती बरी आहे म्हणाली आणि मी मानलं. हात न लावता मानलं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीसुद्धा असं —

न धरलेली ती एकटीच.

आधी तिची धरायची, मग पुन्हा माझी — पळत गेले तर — पाय उचलत नाहीत —

पडद्याआडून तिचा आवाज. मी बरी आहे गं म्हणते, आधी त्यांचं ब—