तांदळाच्या डब्यामागची वही

ती. आईस नमस्कार,

"आपल्याला कोण पुस्तकात घालतंय?" असं म्हणून तू तुझी वही तांदळाच्या डब्यामागे सारली होतीस. परवा वर्गात ते आठवलं.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

बारा वर्षं मी इथल्या शाळेत इंग्रजीची तीच पुस्तकं शिकवतेय. परवा आपल्यासारखीच बाहेरून आलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, या गोष्टींत आमच्यासारखी माणसं फक्त दार उघडायला येतात." मी म्हणाले, "पान चाळीस काढा." वाईटसुद्धा वाटलं नाही. हल्ली वाटत नाही.

नंतर तिचं म्हणणं मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत एक नवा धडा सुचवा, नाहीतर जुनंच चालू ठेवू.

मला तुझी वही हवी आहे. इस्पितळाच्या चादरी धुताना तुम्ही बायका मुकादमाची नक्कल करायचात, ते तू लिहिलंस तेवढीच पानं. त्याचं इंग्रजी मी करीन.

"काहीतरीच तुझं," म्हणशील, ठाऊक आहे. तरी दादाला पानांचे फोटो काढू देशील? आणि धड्यावर तुझं नाव घालू देशील?

तुझी,
धाकटी