हुंकार देणारा डबा

१ तारीख, सोमवार
लेकाच्या घरी मुक्काम हलवला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, गोळी घेतली की वहीत लिहायचं. सकाळची घेतली. पण एवढी जाड वही काय नुसत्या गोळ्यांनी भरणार? चौथीपर्यंतची शाळा, त्या अक्षरात बाकीचंही लिहीन म्हणते. घर लख्ख आहे. खिडकीत ऊन, खोली माझी एकटीची. नात चिमणी सहा वर्षांची. आल्या आल्या गळ्यात पडली आणि तशीच फोनकडे पळाली. जेवायला बसलो तर लेक, सून, चिमणी, तिघांच्याही माना खाली. मला वाटलं, कुणी गेलं की काय!

३ तारीख, बुधवार
ओट्यावर एक बोलका डबा आहे. विचाराल ते सांगतो म्हणे. दुपारी चिमणीला गोष्ट सांगायला बसले. आमचा नियम साधा : ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. पोरीनं दोन दिले, तिसऱ्याला बोट फोनच्या काचेवर. मी गप्प. तेवढ्यात ओट्यावरून डबा म्हणाला, हं. मेल्याला रीत कळते! उरलेली गोष्ट त्यालाच सांगितली.

८ तारीख, सोमवार
दुपारची गोळी घेतली. रोज डब्याशी बोलते. गोष्टी, माहेर, बाळंतपणं, शेजारणींची उणीदुणी, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. या घरात कान तेवढा त्यालाच. लेक म्हणाला, बरं झालं आई, तुझा आवाज त्यात साठतोय. म्हटलं, मी काय धान्य आहे, साठवायला?

१२ तारीख, शुक्रवार
अंघोळ करून आले तर स्वयंपाकघरात मीच बोलत होते. माझा आवाज, मधला खोकलासुद्धा माझा. चिमणी डब्यापुढे मांडी घालून बसलेली, हुंकारावर हुंकार. एक चुकला नाही. मला कधी दिले नाहीत तसे. आणि ती गोष्ट मला ठाऊकच नाही. लेकाला सांगितलं, त्याचं तोंड बंद कर. मान वर न करता म्हणाला, आई, आत्ताच तर म्हणालीस, राहू दे म्हणून.
मी म्हणाले नव्हते.

१५ तारीख, सोमवार
वायर उपटली. बोलतोच आहे.
चिमणीला हाक मारली. तिनं ओ दिली ती डब्याकडे बघून.
सूनबाईचा दंड धरून हलवला. माशी बसल्यासारखा झटकला तिनं. डब्याला विचारलं, आई, गोळी घेतलीत का? डबा माझ्या आवाजात म्हणाला, घेतली गं.
घेतली नव्हती.

१६ तारीख, मंगळवार
आवाज निघत नाही. नुसता वारा —
डबा ओट्यावरून नवी गोष्ट सांगतोय. एक म्हातारी उन्हात बसून वही लिहिते. उठते, दाराला कडी घालते, म्हणाला. बघते तर माझा हात कडीवर —
कळलं. त्याच्या गोष्टीला हुंकार मीच देत होते. घशातून तेवढाच निघतो.
दात आवळून बसलेय. हुंकार नाही तर पुढं गोष्ट नाही.
थांबलाय. वाट बघतोय —
ऊन पायावरून सरकलं. थांबलाय अजून —
बाहेरून चिमणीनं दिला हुंकार, किती गोड —
म्हातारीचा हात, म्हणतोय, वहीवरून —