पडद्याखालची टाच

प्रिय दादा,

"साठीला टेकलीस आणि आता लोकांचे तळवे चोळणार? मग मला बहीणच नाही असं समजेन," असं म्हणालास, त्याला दोन वर्षं झाली. मी काही थांबले नाही. तळपायावर कुठे काय दाबायचं ते आता झोपेतसुद्धा सांगेन.

आमच्या वर्गातल्या मास्तरीणबाई पाय चोळून घ्यायला आलेल्या माणसाच्या गुडघ्यावर पडदा सोडतात. शिकणाऱ्याने तोंड बघायचं नाही, पाय बघायचा. तोही एका दिवशी एकच. काल माझ्यासमोर डावा पाय आला, टाचेवर आडवा व्रण असलेला. लहानपणी मी सायकल शिकत होते, तू मागे बसला होतास आणि तुझी टाच चाकात गेली होती. "मीच चालवत होतो," असं आईला सांगून माझा मार तू खाल्लास.

व्रण ओळखला आणि माझा अंगठा असा रुतला की तू कळवळलास. मास्तरीणबाई कानाशी म्हणाल्या, "राग अंगठ्यात उतरवू नका." मग मी अंगठा अळीसारखा सावकाश चालवला, टाचेपासून बोटांपर्यंत. पाचव्या मिनिटाला तू घोरायला लागलास, अगदी आईसारखा.

मी अवाक्षर काढलं नाही; आवाज ओळखला असतास. निघताना तू म्हणालास, "मंगळवारीही याच बाई द्या. हाताला गुण आहे यांच्या."

हे पत्र टाकणार नाही. वाचलंस तर हट्टाने यायचा नाहीस, आणि तुझा उजवा पाय अजून बाकी आहे.

तुझी,
नसलेली बहीण