सगळ्यात वरची ओळ

सोमवार, ३
ताईच्या वशिल्याने का होईना, नोकरी लागली. एका प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम तपासून चालता करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम. ऑफिस झकास, खिडकीजवळची जागा, शेजारच्याच टेबलावर ताई. इथल्या मुख्य इंजिनिअरला सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी आल्या आल्या पॅटर्न जुळवणं समजावलं. समोर आलेली गोष्ट पहिल्या ओळीपासून ताडून बघायची, जुळली की तिथेच थांबायचं. वरची ओळ ढिली, म्हणजे कशालाही जुळणारी असेल, तर खालच्यांची पाळी येतच नाही. कंपायलर एकदा इशारा देतो आणि त्या ओळी फेकून देतो.

इथली एक रीत आहे. प्रत्येकाने माणसांच्या फाइलमध्ये स्वतःची ओळ लिहायची. दार, लिफ्ट, हजेरी सगळं तिच्यावरच चालतं. मास्तर म्हणाले, पूर्ण नाव आणि जन्मतारीख घाल, आळस करू नकोस.

मंगळवार, ४
ओळ लिहिली, सगळ्यात वर. कोणाच्या खाली राहायचा माझा स्वभावच नाही. एवढं सगळं कोण टाइप करत बसणार, नुसतं आडनाव घातलं. इशारा आला, की खालची एक ओळ कधीच गाठली जाणार नाही. तो कानाआड केला.

बुधवार, ५
सकाळी ताई आणि मी घरून एकत्र निघालो. ऑफिसच्या दारातून मी आत आलो, ती मागेच होती. वळून पाहिलं तर नाही. तिच्या टेबलावर प्रिंटर. मास्तर म्हणाले, कोण ताई, तू तर जाहिरात वाचून आलास.

गुरुवार, ६
आईला फोन केला. ती हसली, म्हणाली, अरे, तू एकुलता एक. घरी ताईच्या खोलीच्या जागी भिंत आहे. फाइलमध्ये तिची ओळ नाही. माझ्या नुसत्या आडनावाची ओळ तिलाही जुळत होती; कोणी घालवली ते मला ठाऊक आहे. तरी दिवसभर गप्प बसलो. नोकरी जाईल म्हणून. लाज वाटते लिहायला.

शुक्रवार
नाही सहन होत. तिचं बोट धरून चालायला शिकलो मी — माझी ओळ खोडली. घाईत कंपायल करून ते लागूही केलं. आता तिची लिहिली की झालं. जन्मतारीख आठवते. नाव —

काल आठवत होतं. जन्मभर ताईच म्हणत आलो —

आईला विचारायला फोन लावला. म्हणते, कोण बोलतंय —

मास्तर माझ्या खुर्चीवर खोकं ठेवतायत. मी बसलोय इथे, मास्तर, मी —

ताई, तुझं ना