चांदवडची नसलेली शाखा

॥ श्री ॥

द्वारका, नाशिक
६ जानेवारी २०२५

ती. अनूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं हां हां म्हणतेस आणि ऐकलेलं काहीच नसतं, म्हणून पुन्हा पत्र. कानातलं यंत्र कपाटात ठेवलं तर ऐकू येत नाही, हे तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला मी काय सांगू?

नाना गेल्यापासून त्यांचं बुटांचं दुकान एकटीच पाहते आहे. बूट चांगले होतात, पण माणसं येत नाहीत. पूर्वी कुणाला एका पायाचा बूट उंच करून हवा असला की डॉक्टर नानांचं नाव सांगायचे. आता लोक मोबाइलवर शोधतात. मी शोधून पाहिलं, तर सगळ्यात वर अंबडचे कोंडाजीकाका, नानांच्याच हाताखाली शिकलेले. आपलं दुकान पार खाली, आणि शेजारी लिहिलंय, कायमचे बंद!

गौरांग म्हणून एक जण भेटलाय. दुकानं गूगलवर वर आणायचं काम करतो. महिन्याभरात पहिल्या नंबरावर आणतो म्हणाला. कसं ते विचारलं, तर म्हणाला, ताई, तुम्ही बूट करा, बाकीचं माझ्यावर सोडा. त्याने दुकानाच्या गूगलवरच्या पानाचा पासवर्ड आणि ओळखीच्या पंधरावीस जणांची नावं मागितली. दिली. त्यात तुझंही दिलंय.

गुडघ्याला तेल लावतेस ना? अशीच डाफरत राहा, म्हणजे मला बरं वाटतं.

तुझी,
हर्षाली


चांदवड
१७ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद हाताच्या सवयीने लिहिले. मनात काय आहे ते खाली वाच.

परवा दुपारी बँकेतून येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कांद्याच्या गोदामाच्या भिंतीला टेकून एक बाई उभी होती. कडेवर सहा वर्षांची मुलगी. गोदामवाले सडका माल तिथेच ओततात, त्याचा असा उग्र वास की मी नाकाला पदर लावूनच जाते. त्या दोघी त्या वासात दोन तास उभ्या होत्या. मी विचारलं, तर कानाशी येऊन म्हणाली की इथं बुटाचं दुकान हाय ना, नाशिकवाल्या बाईंचं.

चांगुणा तिचं नाव, नातीचं वेदिका. मुलीचा एक पाय आखूड आहे. दोन एस.ट्या बदलून आली होती. निघण्यापूर्वी मोबाइलवर सापडलेल्या पानावरच्या नंबरावर फोन केला, तर एक मुलगी म्हणाली, या, शाखा उघडी आहे. मी तिचा मोबाइल हातात घेतला. वर तुझा हसरा फोटो आणि खाली आमच्या गल्लीचा पत्ता.

घरी आणून त्यांना जेवू घातलं. मुलीचा जुना बूट काढला, तर टाच सोलून निघालेली. मग ते पान मी शिक्षिकेच्या डोळ्यांनी वाचलं. 'नाशिकमधील सर्वोत्तम ऑर्थोपेडिक फुटवेअर' हे एकच वाक्य अकरा वेळा. आणि त्याखाली माझं नाव: अनसूया, चांदवड. माझ्या मुलाचा पाय इथल्या बुटाने एका महिन्यात सरळ झाला.

मला मूल नाही, हर्षाली. ते का नाही, हे तुझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला न विचारता तू मला एक मुलगा दिलास आणि तो लंगडाही केलास. चांगुणा नेमकं तेच वाक्य नातीला वाचून दाखवत आली होती. तिने मला विचारलं की बाई, तुमचा पोरगा आता पळतो का.

उत्तर लगेच पाठव. लोभ आहे की नाही, ते उत्तर वाचून ठरवीन.

अनूआत्या


द्वारका, नाशिक
२१ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
नमस्कार लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

तुझं पत्र घेऊन गौरांगकडे गेले, त्याला वाचून दाखवलं. तो हसला. म्हणाला, आत्यांना सांगा, तुमच्या नावामुळे बाराशे लोकांनी पान पाहिलं. चांदवडसारख्या अशा चौदा शाखा त्याने उघडल्यात. सगळेच करतात म्हणाला. फोनवर या म्हणणारी मुलगी त्याच्याच ऑफिसातली, तिला बूट कुठला आणि चप्पल कुठली तेही कळत नाही.

त्याच्यासमोर बसून एकेक पान उघडायला लावलं. पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी होतं. बोट ओढल्यावर दिसलं, कोंडाजीकाकांचं नाव, चाळीस वेळा. म्हणजे कुणी त्यांना शोधलं तरी मी दिसावी. आणि काकांच्या पानावर खोट्या नावाने लिहिलेलं, यांच्या बुटाने माझ्या मुलीचा पाय सडला. तुंबलेल्या मोरीत हात घातल्यासारखं झालं.

आता जे लिहिते ते न लिहून चालणार नाही. जानेवारीच्या शेवटी मी पहिल्या नंबरावर आले, तेव्हा दुकानात पेढे वाटले. तुझ्या नावाचं ते वाक्य मी तेव्हाच वाचलं होतं. वाटलं, आत्या कुठे मोबाइल बघते. आणि पेढा खाल्ला.

पासवर्ड बदललाय. शाखा मीच एकेक करून काढते आहे. पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. मला टाकू नकोस, एवढंच.

हर्षाली


चांदवड
२७ फेब्रुवारी २०२५

चि. हर्षालीस,
आशीर्वाद.

ते वाक्य वाचलं होतंस, हे तू स्वतःहून लिहिलंस म्हणून हे पत्र. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं, तर पत्र गेलं नसतं.

पुढे काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणतेस. चांगुणाला मी विचारलं होतं की मोबाइलमध्ये काय बोललीस. ती म्हणाली, एक पाय आखूड हाय, त्याचा बूट कुठं भेटतो. तुझ्या पानावर हे शब्द कुठेच नाहीत. ऑर्थोपेडिक फुटवेअर तिच्या तोंडात कधी येणार? माणसं जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिही आणि खाली त्याचं खरं उत्तर दे. पत्ता एकच, जिथे तू बसतेस तो. वेळ लिही, सुट्टीचा वार लिही. दुकान उघडं असताना बंद का दाखवतात, ते आधी दुरुस्त कर. तिथपासून सुरुवात करायची होती. फोटो तुझा नको, दाराचा आणि पायऱ्यांचा घाल, म्हणजे मूल कडेवर घेऊन येणारीला कळेल किती चढायचं आहे. डॉक्टरांची चिठ्ठी लागते हे लिही. काय होत नाही, तेही लिही. बूट घेऊन गेलेल्या माणसाला वाटलं तर तो रिव्ह्यू लिहील, नाही वाटलं तर नाही.

हे सगळं नंतर. आधी अंबडला कोंडाजीकडे जा. फोन करू नकोस, जा.

चांगुणा आता नाशिकच्या कुणावरच विश्वास ठेवत नाही. मुलगी अजून त्याच बुटात आहे.

राग गेलेला नाही. तो असतानाच हे लिहिते आहे, एवढं लक्षात असू दे.

अनूआत्या


द्वारका, नाशिक
१४ एप्रिल २०२५

ती. अनूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गूगलने आपलं दुकान नकाशावरून पाच आठवडे काढून टाकलं होतं. खोट्या शाखांमुळेच. दहा दिवसांपूर्वी परत आलं. शोधलं की मी आता सातवी-आठवी दिसते. पान तू सांगितलंस तसं लिहिलंय. गेल्या आठवड्यात सिन्नरचे एक आजोबा आले आणि म्हणाले, पायऱ्या तीनच आहेत हे बघून आलो.

अंबडला गेले होते. कोंडाजीकाकांनी बस म्हटलं नाही. तो पाय सडल्याचा मजकूर आल्यापासून दोन डॉक्टरांनी त्यांच्याकडे मुलं पाठवणं बंद केलं होतं. ते आठवडाभर आपलीच जुनी मापं काढून बघत बसले होते, की आपल्या हातून खरंच कुणाचा पाय बिघडला का. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला स्वतःच्या अंगाचा वास यावा तसं झालं. मी माफी मागितली. ते म्हणाले, माझ्या कानात मागू नकोस, जिथं घाण केली तिथं लिही.

तो मजकूर गौरांगने काढला होता, पण वाचणाऱ्यांनी तो वाचलेला होताच. मग मी काकांच्या पानावर माझ्या आणि दुकानाच्या नावाने लिहिलं, की तो मजकूर खोटा होता आणि माझ्या दुकानासाठी काम करणाऱ्याने टाकला होता. दोन्ही डॉक्टरांना भेटूनही तेच सांगितलं. एकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग मी मुलं तुमच्याकडे तरी कशी पाठवू?

काल मी चांगुणाबाईंच्या गावी गेले होते. तुला आधी कळवलं नाही, कारण जमेल याची खात्री नव्हती. त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, पाय सरळ होईल का. मी म्हटलं, नाही होणार. टाच सोलणार नाही, चालताना कंबर दुखणार नाही, आणि पाय वाढेल तसा दर आठ-नऊ महिन्यांनी बूट बदलावा लागेल, एवढंच. त्या म्हणाल्या, खरं बोललीस, पण तुझ्या हातचा नको. दुसरं कुणी असंल तर सांग.

मी कोंडाजीकाकांचं नाव सांगितलं. आज सकाळी दोघींना मीच अंबडला घेऊन गेले. काकांनी वेदिकाला कागदावर उभं केलं, पेन्सिल फिरवली आणि मान वर न करता मला म्हणाले, कागद धर. मी खाली बसून धरला.

वेदिकाने विचारलं, दोन्ही बूट सारखे दिसतील का. काका म्हणाले, नाही, एकाचा तळ जाड दिसणार. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, मग लाल करा.

उत्तर पाठवशील तेव्हा पाठव, मी वाट बघते आहे.

तुझी,
हर्षाली